लॉट नंबर ११८४

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी आवक-जावक लिहिते.
आत चार अंश,
बाहेर सांगलीचा उन्हाळा, निदान आठ महिने.
मध्ये जाड दार, दाराशी माझं टेबल,
म्हणून माझा डावा खांदा बारमाही गार
आणि उजव्याला घाम.

चौदा फेब्रुवारीला विश्रामबागेच्या चौकात
एक गुलाब चाळीस रुपयाला गेला,
त्या दिवशी शीतल मगदूम बेदाणा घेऊन आला.
(शीतल शीतगृहात आला की हमाल आधीपासूनच हसायचे.)
तीनशे बारा बॉक्स उतरवले, पावती घेतली,
गेला नाही.
खिशातून एक चॉकलेट काढून टेबलावर ठेवलं,
केबिनच्या उन्हात कोपरे मऊ पडलेलं.
"हे पण आत ठेवायचंय. रीतसर."

मीही रीतसरच लिहिलं.
लॉट नंबर ११८४. नग एक. वजन चाळीस ग्रॅम.
मालाचा प्रकार: इतर.
मालक, या रकान्याशी पेन थांबलं.
"सध्या माझंच नाव घाला. नंतर बदलता येतं ना?"
"येतं. दोघांच्या सह्या लागतात."

रात्री गाडी चालवताना तो मोबाइलवर काहीबाही ऐकायचा.
म्हणाला, समुद्रापलीकडं या बियाच पैसा होत्या,
दहा बियांना एक ससा.
राजे त्या प्यायचे, कडू, मिरची घालून,
उंचावरून ओतून फेस आणून.
आणि खोट्या बियाही निघायच्या बाजारात,
गर काढायचा, माती भरायची, साल परत चिकटवायची.
मी म्हटलं, "म्हणजे आपल्याकडचाच कुणी व्यापारी गेला असणार तिकडं."
तो हसला. मागं दोन ट्रक हॉर्न देत होते,
तरी हसत राहिला.

मग म्हणाला, गोऱ्यांनी त्यात साखर घातली,
आणि त्या साखरेसाठी ऊस तोडायला
माणसं जहाजात कोंबून नेली.
हे मात्र मला वेगळं सांगायला नको होतं.
जहाज नव्हतं आमच्या नशिबी, ट्रॅक्टर होता,
आणि आईच्या पाठीवर वीस हंगाम मोळी.
आमचं गाव जतकडं, त्याचं मणेराजुरी.
मध्ये साठ-सत्तर किलोमीटर.
नकाशावर तेवढंच.

पुढं दूध, मग वडी,
मग कुणीतरी बदामाच्या आकाराची डबी काढली.
कडू पाण्याचं प्रेम व्हायला
किती हातांची सालं निघाली, बघा की.

माझा मामा मार्केट यार्डात हळदीला हमाल.
तो सांगतो, पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
बोलायचं नाही. बोटं धरायची, दाबायची, भाव ठरायचा.
त्या दिवशी पावती देताना
माझी दोन बोटं त्याच्या हातात राहिली.
भाव काय ठरला, मला कळलं नाही.

मार्चनंतर त्याच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर येतो.
बेदाणा विकला गेला, रॅक रिकामे झाले,
११८४ आहे.

वर पांढरी झाक आली आहे.
दस्तगीरचाचा म्हणाले, बुरशी, फेकून दे पोरी.
बुरशी नाही ती.
गारठा आणि उष्मा पाळीपाळीनं लागला
की आतलं लोणी वर येतं.
म्हणजे दार फार वेळा उघडलं गेलं.
कोण उघडतं, ते रजिस्टरात लिहायची पद्धत नाही.

सहा महिन्यांत उचल नसेल तर नोटीस काढायची, असा नियम.
छापील नमुना आहे, फक्त नाव भरायचं.
श्री. शीतल मगदूम, मु. पो. मणेराजुरी.
आपला माल सुस्थितीत आहे.
'सुस्थितीत' खोडलं.
वर बारीक अक्षरात लिहिलं:
रंग बदलला आहे. चव पाहिलेली नाही.
दुसऱ्या सहीचं माणूस इथंच असतं.
वेळ दहा ते सहा.
मंगळवारी बंद.